आवाजात राग आहे

१

लॅपटॉपनं दगा द्यायचाच तर एखाद्या निवांत दिवशी द्यावा, पण तशी रीत नाही. कामाचा डोंगर उभा राहिला की नेमकी त्याला अवदसा आठवते. बेबीच्या लॅपटॉपच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की तो स्वतःहून मोडला नाही. त्याची बिजागरी चिकटपट्टीनं बांधलेली होती, तो तव्यासारखा तापायचा, पण चालायचा. त्याला मोडीत काढलं ते एजन्सीनं.

बेबीचं काम ऐकण्याचं. कंपन्यांच्या बैठका, चौकश्या, मुलाखती यांची ध्वनिमुद्रणं एजन्सी तिला पाठवायची आणि ती कानाला हेडफोन लावून शब्दन्‌शब्द टाइप करून द्यायची. पायाखाली एक पेडल होतं. ते पुढून दाबलं की आवाज थांबायचा, टाचेनं दाबलं की थोडा मागे जायचा. माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, तोंडात पेन धरून बोलतात, खोकतात, कपबश्या आपटतात. त्या कालव्यातून कोण काय म्हणालं ते वेगळं काढणं हे तिचं कसब होतं. एकदा कानावरून गेलेला आवाज ती सहसा विसरत नसे.

नाव बेबी असलं तरी बाई पन्नाशीला टेकली होती. चष्म्याला दोरी होती, गुडघे कुरकुरत होते. लहानपणी आईनं मारलेली हाक बदलावी असं पुढे कुणाला सुचलंच नाही, एवढंच.

एजन्सीनं कळवलं, की सोमवारपासून सगळं काम नव्या प्रणालीवर चालेल, लॅपटॉपमधल्या जुन्या प्रणालीवर ते उघडणारसुद्धा नाही. इतकी वर्षं मान मोडून काम केलेल्या माणसाला हे दोन ओळींत कळवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, आपले सहकार्य अपेक्षित आहे. बेबीला ते फार लागलं. पण लागून काय करणार, घर त्याच कामावर चालत होतं.

घरात आई होती. काचबिंदूनं तिची नजर थोडीथोडी करत सगळी नेली होती. आता ती भिंतीला हात लावून चालायची आणि कानांनी घर पाहायची. तिचे पाय सुजलेले असत. बोटानं दाबलं तर खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. तिच्यासाठी बेबीनं बाहेरची नोकरी सोडली आणि घरी बसून करता येईल असं हे काम धरलं. भाऊ लांब राहायचा आणि फोनवरून फार काळजी करायचा.

दाराचा एक नियम होता. आई घरात एकटी असली की आतून साखळी लावायची. बेबीकडे किल्ली असे, पण साखळी आईनंच काढायची आणि तीही आवाज ओळखल्याशिवाय नाही. आंधळ्या बाईच्या घरात दुसरं कुलूप कुठलं असणार.

बेबीचं आईवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. गोळ्या वेळच्या वेळी, अंघोळीचं पाणी कोमट, चादरी स्वच्छ. पण प्रेम जे होतं ते सगळं हातात होतं, तोंडात नव्हतं. तोंड उघडलं की 'आता काय?' नाहीतर 'कितीदा सांगितलं?' एवढंच बाहेर पडायचं, आणि आई गप्प व्हायची. मग बेबीला स्वतःचाच राग यायचा आणि तोही ती आईवरच काढायची.

२

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं तिला नवी प्रणाली भरलेला एक पेन ड्राइव्ह दिला. दुकानात ठेवलात तर आठवडा जाईल, म्हणाला, घरीच टाका, अगदी सोपं आहे, विचारेल त्याला फक्त हो म्हणत जायचं. अगदी सोपं आहे हे वाक्य जगात पहिल्यांदा कुणी उच्चारलं असेल त्याचा बेबीनं त्या दिवशी मनातल्या मनात भरपूर उद्धार केला.

सकाळचं आवरून ती टेबलाशी बसली. लॅपटॉप पेन ड्राइव्हकडे ढुंकूनही बघेना. सुरू होताना कुठलीशी कळ नेमक्या क्षणी दाबायची असते म्हणे. जरा आधी दाबली तर जुनी प्रणाली उघडायची, जरा उशिरा दाबली तरी जुनीच. ओशाळं हसत परत परत दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखी ती जुनी प्रणाली तिला तिचीच चित्रं दाखवत राहिली. शेवटी एकदाचा निळा पडदा आला. भाषा निवडा. कीबोर्ड निवडा. जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल का? बेबी हो म्हणत गेली.

मग काम किती झालं ते दाखवणारी पट्टी आली. पट्टी डावीकडून भरभर सरकत शेवटाजवळ पोचली आणि तिथे जी बसली ती बसली. वर लिहिलं होतं, थोडाच वेळ लागेल. त्या थोड्या वेळात बेबीनं कपडे वाळत घातले, भाजी चिरली, भावाचा फोन घेतला, ठेवला. परत आली तर पडदा काळा आणि त्यावर एक वाक्य: काहीतरी चुकलं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, कशाचा पत्ता नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या खेपेला पट्टी पुढे गेली, पण वाय-फाय सापडेना. ते सापडलं तर पासवर्ड पसंत पडेना. एक मोठं अक्षर हवं, एक अंक हवा, एक चिन्ह हवं. ते सगळं दिलं तर म्हणे हा फार सोपा आहे. बेबीच्या अगदी नाकीनऊ आले.

आतल्या खोलीतून आईनं विचारलं, झालं का गं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बेबी ओरडली, की झालं की सांगेन ना, सारखं काय विचारतेस, तुला काय त्यावर चित्रपट बघायचाय? आंधळ्या माणसाला असं म्हणू नये हे तिला म्हणून झाल्यावर कळलं.

३

दुपार कलायला लागली तेव्हा पडद्यावर नवं काहीतरी उमटलं. आता तुमचा आवाज ओळखून घेऊ. पुढील वाक्यं मोठ्यानं वाचा.

बेबीला आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं पुढे जाण्याचं बटण शोधलं. ते नव्हतं. वगळा, नंतर करू, असलंही काही कुठे नव्हतं. मधोमध फक्त एक ओळ होती. आज हवा छान आहे.

तिनं वाचली. नीट ऐकू आलं नाही, पडदा म्हणाला, पुन्हा वाचा. तिनं मोठ्यानं वाचली. जरा हळू. तिनं हळू वाचली. पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग त्यावर अक्षरं आली.

आवाजात राग आहे. पुन्हा वाचा.

बेबीला हसूच आलं. राग असणार नाही तर काय, सकाळपासून छळतोयस, असं ती पडद्याला म्हणालीसुद्धा. पण तिला फारसं नवल वाटलं नाही. फोनवर बोलणारं गिऱ्हाईक किती चिडलंय हे यंत्रानं कसं मोजायचं, यावरची एक लांबलचक बैठक तिनं मागे टाइप केली होती. असतं असलं काही. तिनं घसा साफ केला, चेहऱ्यावर उसनं हसू आणलं आणि आज हवा छान आहे असं अशा काही गोडीनं म्हटलं, की ऐकणाऱ्यानं खिडकीबाहेर बघावं. ते पसंत पडलं.

मी थोड्या वेळात येते. जेवण झालं का? अशी दोन-चार वाक्यं गेली. मग आलं, आई, पाणी देऊ का?

इथे बेबी थबकली. पण नमुन्याची वाक्यं ती, कुणीतरी कुठेतरी बसून लिहिलेली. आई काय, सगळ्यांनाच असते. तिनं वाचलं. आवाजात राग आहे. पुन्हा वाचलं. आवाजात राग आहे. कितीही साखर पेरली तरी तो एक शब्द आला की आवाजाला करवतीची धार यायची, हे तिचं तिलाही ऐकू येत होतं. शेवटी तिनं डोळे मिटले. मनात म्हटलं, समजा आपण कुणी दुसरीच आहोत. जिला काम नाही, जिचे गुडघे दुखत नाहीत, जी आत्ताच बाहेरगावाहून आली आहे. आणि त्या दुसरीच्या आवाजात ती म्हणाली, "आई, पाणी देऊ का?"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "दे गं, बाळा."

बेबीनं डोळे उघडले. पडद्यावरचं वाक्य बदललं होतं. पाय फार दुखतात का, आई? दाबून देऊ? तिनं त्याच आवाजात तेही वाचलं, कारण तो आवाज आता कुठे सापडला होता, सोडला तर परत मिळेलच असं नव्हतं. भिंतीवरून हात सरकण्याचा आवाज आला आणि आई येऊन चौकटीशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे बेबीला बघवेना.

"खरंच दाबशील?" आईनं विचारलं. "तुझं काम राहील ना गं."

पडद्यावर पुढचं वाक्य आलं होतं. काम होत राहील, आई. आधी तू.

बेबीनं लॅपटॉपकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. योगायोग, तिची अक्कल म्हणाली. वाक्यं तीच, कुणी काहीही विचारलं तरी हीच आली असती. आणि दुसरं म्हणजे इथवर येऊन आता मागे फिरायचं आणि पुन्हा त्या पट्टीपासून सुरुवात करायची हे तिच्या जिवावर आलं होतं. तिनं वाचलं. "काम होत राहील, आई. आधी तू."

झालं, धन्यवाद, असं पडद्यावर आलं आणि नवी प्रणाली उघडली.

आई चौकटीतच उभी होती. तिनं पदरानं डोळे टिपले. आई, हे मी तुला नाही म्हटलं, यंत्राला वाचून दाखवत होते, एवढं एक वाक्य बेबीनं बोलायला हवं होतं. ते तिच्या ओठावर आलंही होतं. पण आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुसून टाकायचं धाडस तिला झालं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळही नव्हता. तिनं उठून पाणी नेऊन दिलं. पाय संध्याकाळी दाबते, म्हणाली, नेहमीच्या आवाजात. संध्याकाळी काम आलं.

४

नवी प्रणाली उत्तम चालली. पेडल चाललं, हेडफोन चालले, एजन्सीचं काम बिनबोभाट उघडलं. लॅपटॉप तापायचासुद्धा कमी झाला. दुरुस्तीवाल्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या बेबीनं मनातल्या मनात परत घेतल्या.

आणखी एक चांगलं झालं. आई हाका मारेनाशी झाली. एरवी दुपारभर बेबी, माझा चष्मा कुठाय, बेबी, दूधवाला आला का, असं चालायचं. (चष्म्याचा तिला आता काही उपयोग नव्हता, पण तो जवळ लागायचा.) आता बेबी हेडफोन लावून बसली की थेट चहाच्या वेळेलाच उठायची. इतकी शांतता तिला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आईला कळलं शेवटी, असं तिला वाटलं.

मग एके दिवशी जेवताना आई म्हणाली, की तू ती पिवळ्या फ्रॉकची गोष्ट सांगितलीस ना दुपारी, मला नंतर सुद्धा हसू येत होतं. बेबीला पिवळा फ्रॉक आठवत होता. आपण ती गोष्ट सांगितल्याचं आठवत नव्हतं. आईचं वय झालं, स्वप्नात ऐकलेलं काहीतरी बोलत असेल, असं तिला वाटलं. तिनं विषय वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी आईची वेणी घातलेली होती. नीट, तीन पेडांची, शेवटाला रबर लावलेली. आईचा हात खांद्याच्या वर जात नसे आणि बेबी घाईघाईत तिच्या केसांना नुसता चाप लावायची. वेणी कुणी घातली, तिनं विचारलं. आई हसली आणि म्हणाली, चल, चेष्टा करतेस म्हातारीची.

खालच्या मजल्यावरच्या काकूंची जिन्यात गाठ पडली. त्यांनी बेबीचा हात धरला. म्हणाल्या, काल दुपारी दोघी किती हसत होता गं तुम्ही, वरून आवाज येत होता, ऐकून बरं वाटलं, नाहीतर एरवी नुसता तुझा आरडाओरडा. काल दुपारी बेबी औषधांच्या दुकानात रांगेत उभी होती. रेडिओ असेल, ती म्हणाली. रेडिओ बंद पडल्याला वर्ष होऊन गेलं होतं हे तिला वर चढताना आठवलं.

माणसाचं मन विचित्र असतं. भीती वाटायच्या आधी बेबीला वाईट वाटलं. मी इथे बसून हाडांची काडं करते, आणि ही दुसऱ्याच कुणाबरोबर हसते.

५

त्या दुपारी तिनं हेडफोन लावले, पण त्यांत काही सुरू केलं नाही. बोटांनी उगाच कळा बडवत राहिली, म्हणजे बाहेर टकटक ऐकू जावी. लॅपटॉपचा आवाज तिनं पूर्ण बंद केला होता. पडद्यावर नुसतं निळं आकाश होतं.

बराच वेळ काही झालं नाही. नळ ठिबकला. कुणीतरी खालच्या गल्लीत गाडी मागे घेतली. बेबीला स्वतःची लाज वाटायला लागली होती. आणि मग स्वयंपाकघरातून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "टाच दुखते का? इथे?"

"हं," आई म्हणाली. "तिथेच."

आपला आवाज बाहेरून ऐकला की आपल्याला परका वाटतो. बेबीला हे धंद्यामुळे पक्कं ठाऊक होतं. हा परका वाटला नाही. ध्वनिमुद्रणात खोलीची पोकळी ऐकू येते, एक बारीक खरखर असते. यात ती नव्हती. वाक्याच्या आधी घेतलेला श्वास होता, वाकून बोलताना छाती दबते तसा थोडा अडकलेला. बेबीनं पाय सवयीनं पेडलवर टेकवला आणि दाबला. आवाज थांबला नाही.

ती हेडफोन गळ्यात तसेच ठेवून उठली. तिच्या पावलांची चाहूल लागली तसं आतलं बोलणं तुटलं.

आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. समोरच्या स्टुलावर पाय पसरलेले, साडी घोट्याच्या वर सरकवलेली. दुसरं कुणी नव्हतं. खिडकी बंद होती, मागे दार नव्हतं. आईच्या पायांवर अंगठ्याचे खळगे होते, टाचेपासून वर पोटरीपर्यंत, एकाला लागून एक. वरचे भरत आले होते. घोट्याजवळचा शेवटचा अजून भरत नव्हता. उलट तो जरा खोल जातोय असं तिला वाटलं, आणि मग तिनं तिकडे पाहिलं नाही.

"आई, कोण होतं इथे?"

"कोण असणार? तूच." पण आईनं तोंड बेबीकडे केलं नव्हतं. ते स्टुलाच्या पलीकडे, जमिनीच्या बाजूला वळलेलं होतं.

बेबीला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मी तुला पाणी विचारलंच नव्हतं, पाय दाबते म्हटलंच नव्हतं, लॅपटॉपवर येत होतं ते वाचत होते, तू मध्येच आलीस. हे ऐकून आई कोसळेल, रडेल अशी तिची कल्पना होती. आई शांत होती. तिनं साडी खाली ओढली.

"मला त्याच दिवशी वाटलं होतं," ती म्हणाली. "तू तसं बोलत नाहीस."

"मी तुझ्यासाठी काय करत नाही गं?"

"सगळं करतेस," आई म्हणाली.

६

बेबीनं लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि तडक कोपऱ्यावर गेली. निघताना मागे साखळी अडकवल्याचा आवाज तिनं ऐकला. बरं वाटलं तिला, निदान नियम तरी पाळते.

दुरुस्तीवाला एका उघड्या फोनवर वाकला होता. आवाजाची पायरी? त्यानं मान वर न करता विचारलं. माझ्या त्या पेन ड्राइव्हमध्ये असलं काही नाही, शेकडो जणांना टाकून दिलंय. बेबीनं वाक्यं सांगितली. आता त्यानं मान वर केली. मग हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून तो तिच्याकडे जरा काळजीनं बघायला लागला, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

"ताई, तुमच्या लॅपटॉपचा माइक गेलाय. मीच सांगितलं होतं तुम्हाला, बिजागरी बांधून दिली तेव्हा."

त्यानं पडद्याची चौकट उचकटून दाखवली. केसासारखी एक तार, बिजागरीपाशी तुटलेली. टोकाला गंज चढला होता. याला काही ऐकूच येत नव्हतं, तो म्हणाला. बेबीला आठवलं, त्यानं खरंच सांगितलं होतं. ती तेव्हा मला बोलायचं नसतं, ऐकायचं असतं, असं म्हणाली होती.

पुसून टाका, ती म्हणाली. सगळं पुसा, जुनं टाका, एजन्सी गेली खड्ड्यात. तो समजावायला लागला की काम जाईल तुमचं. पण तिचा चेहरा बघून त्यानं पुसायला घेतलं. पट्टी डावीकडून उजवीकडे गेली. या खेपेला ती कुठेही अडली नाही. पडदा काळा झाला तरी बेबी काउंटरला धरून उभी होती. लॅपटॉप राहू दे इथेच, ती म्हणाली, उद्या नेईन.

बाहेर आल्यावर तिला हलकं वाटलं. ऊन उतरत होतं, दुकानदार फुटपाथवर पाणी मारत होते. काम गेलं तर दुसरं बघू. आज घरी जायचं, आईचे पाय मांडीवर घ्यायचे आणि मनाजोगते दाबून द्यायचे. आणि बोलायचं. तेवढंच तर हवं होतं तिला, आपण ते यंत्राला दिलं आणि तिला दिलं नाही. तो आवाज आपलाच होता, आपल्याच गळ्यातून निघाला होता, तो परत काढता येणार नाही असं थोडंच आहे. चालता चालता ती हळूच म्हणून बघायला लागली. आई, मी आले. आई, चहा करू का? समोरून येणारा एक गृहस्थ दचकून बाजूला झाला. तिनं पुन्हा म्हटलं. जमत नव्हतं. प्रत्येक वेळी शेवटाला ती जुनी धार निघायची. घर येईपर्यंत ती घोकत होती, आणि जिना चढताना तिचं रडू फुटायच्या बेताला आलं होतं.

७

किल्ली फिरली. दार बोटभर उघडलं आणि साखळीला अडलं.

"आई, मी आले," ती म्हणाली.

आत चपला सरपटल्या. भिंतीवरून हात सरकत आला. आईचा अर्धा चेहरा फटीत दिसला. ती कान देऊन उभी राहिली, पण साखळीकडे हात गेला नाही.

आणि मग स्वयंपाकघरातून, भांडं विसळता विसळता विचारावं तसं, कुणीतरी विचारलं, "कोण आलंय गं, आई?"

लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुकानात होता, रिकामा, उघडा पडलेला. बेबीनं चार बोटं फटीत घातली आणि दाराची कड धरली.

"आई, साखळी काढ. ती मी नाही. मी इथे आहे, दारात. आधी साखळी काढ, मग सांगते." तिला गोड बोलायचं होतं. तिचा आवाज फाटत होता, आणि जसा फाटत होता तसा चढत होता. "ऐकतेस ना? कितीदा सांगू?"

आईचा हात चाचपडत आला. तो बेबीच्या बोटांवर थांबला. तिनं एकेक पेर चाचपून पाहिलं, करंगळीवरची जुनी भाजल्याची खूण अंगठ्यानं घासून पाहिली. घाई नव्हती तिला. एवढ्या वर्षांचं न्हाऊमाखू घालणं त्या बोटांत होतं, ते आईला कळल्यावाचून राहणार नव्हतं.

"तूच आहेस," आई म्हणाली. "कळतंय मला."

"मग काढ ना साखळी."

आईनं तोंड फटीला अगदी लावलं. तिच्या वेणीला तेलाचा वास येत होता. ती इतक्या हळू बोलली, की ऐकण्यावर जगणाऱ्या माणसालाच ते ऐकू यावं.

"ती रागावत नाही गं, बेबी."

जगात कुणीही फसवलं असतं तरी ते बेबीला समजलं असतं. यंत्र फसवतं, एजन्सी फसवते, सख्खा भाऊ फोनवरून फसवतो. पण हिनं ओळखलं होतं. हात धरून, खात्री करून घेऊन, ओळखून.

आईनं तिची बोटं दाराच्या कडेवरून सोडवली. एकेक करून, चेमटू नयेत म्हणून जपून, लहान मुलाची मूठ उघडावी तशी. शेवटची करंगळी तिनं क्षणभर धरून ठेवली आणि मग तीही बाहेर ढकलली. दार लोटलं जाताना उरलेल्या फटीतून बेबीला आईचा खांदा दिसला आणि त्या खांद्यावर मागून येऊन अलगद टेकलेली चार बोटं. ती कुणाची हे तिला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

दार लागलं. आत तिच्याच आवाजानं, मायेनं, पुन्हा विचारलं, "कोण होतं, आई?"

"कुणी नाही, बाळा," आई म्हणाली. "कुणीतरी चुकीच्या दाराशी आली होती."

मग तिनं कडीही घातली.